सारथ्याचा धर्म

खंडेनवमीच्या सकाळी बेळगावातील कोणत्याही गल्लीतून फेरफटका मारावा. घरोघरी मोटारी धुऊन पुसून दाराशी उभ्या असतात. त्यांच्या कपाळी गंधाक्षता, गळ्यात झेंडूच्या माळा आणि चाकाखाली लिंबे. घरातील वडील मंडळी गाडीस ओवाळतात, नारळ फोडतात, मुले पेढे वाटतात. हा सोहळा आम्हांस मनापासून आवडतो. ज्या साधनाच्या आधारे आपला संसार चालतो त्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही आपल्या पूर्वजांची दृष्टी थोर होती यात शंका नाही.

परंतु गेल्या खंडेनवमीस अशाच एका पूजेस आम्ही उपस्थित असता दोन गोष्टी आमच्या ध्यानी आल्या. गाडीभोवती जमलेल्या मुलांपैकी प्रत्येकाने तिच्या मालकास एकच प्रश्न विचारला, “काका, ही किती वेगाने पळते?” आणि मालकानेही तो आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. त्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा टायर इतका गुळगुळीत झाला होता की त्यावर नक्षीची रेघही उरली नव्हती. त्या टायरास हळदकुंकू वाहिले गेले. त्याची विचारपूस मात्र कोणी केली नाही.

मोटारीवरील आपल्या प्रेमात काही तरी उणे आहे, असे आम्हांस त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले. तेच उणे कोणते, याविषयी आमच्या विद्यार्थिमित्रांशी आणि त्यांच्या पालकांशी दोन शब्द बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही काही मोटारीचे वैरी नव्हे. मोटार हा आमचा लहानपणापासूनचा शौक आहे. रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या केवळ आवाजावरून तिची जात ओळखण्याची पैज आम्ही शाळेत असताना लावीत असू आणि बहुधा जिंकत असू. पुढे नोकरी लागल्यावर पोटास चिमटा घेऊन आम्ही एक जुनी, चौथ्या हातची मोटार विकत घेतली, तेव्हा राज्य मिळाल्याचा आनंद झाला होता. पहाटे रस्ता मोकळा असावा, काचा खाली केलेल्या असाव्यात, इंजिनाची लय जुळलेली असावी आणि दोन्ही बाजूंनी उसाची शेते मागे सरत जावीत, यासारखे सुख थोडेच! वळणाच्या आधी वेग नेमका किती उतरवावा, गिअर केव्हा बदलावा, हे हातापायांना आपोआप कळू लागते, तेव्हा चालकास गाडी हा आपलाच एक अवयव वाटू लागतो. हे सुख खोटे आहे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. मात्र ते अर्धे आहे, हे समजण्यास आम्हांस एका घाटाने शिक्षा करावी लागली.

त्या वर्षी मे महिन्यात एका आप्ताच्या लग्नासाठी आम्ही सहकुटुंब बेळगावहून सावंतवाडीस निघालो होतो. आंबोलीपर्यंतचा प्रवास हसतखेळत झाला. घाटाच्या माथ्यावर चहा घेतला आणि उतारास लागलो. उतारावर इंजिनास कशाला राबवावे, असा हिशेब करून आम्ही गिअर काढून टाकला. गाडी आपल्या वजनानेच खाली धावू लागली. प्रत्येक वळणाशी आम्ही ब्रेक दाबावा, वळण संपताच सोडावा, असे चालले होते. पेट्रोल वाचविल्याबद्दल आम्ही पत्नीजवळ स्वतःची पाठही थोपटून घेतली. काही वळणे झाल्यावर जळक्या वासाची एक झुळूक आत आली. कोणी रानात पालापाचोळा पेटविला असेल, असे आम्ही म्हणालो. त्यापुढच्या वळणाशी ब्रेकवर पाय ठेवला, तो पाय कापसाच्या गादीवर पडावा तसा थेट खाली गेला. गाडीचा वेग मुळीच कमी झाला नाही.

समोरून एस. टी.ची गाडी घाट चढत होती. मागच्या आसनावर आमची दोन्ही मुले गाण्याच्या भेंड्या खेळत होती. त्या दोन-तीन क्षणांत आम्ही काय केले ते आम्हांस आजही नीट सांगता येत नाही. हातब्रेक ओढला, चक्र डोंगराच्या बाजूस वळविले आणि गाडी चरीतल्या मातीत रुतून, दरडीस अंग घाशीत थांबली. एस. टी. शेजारून निघून गेली. मुलांचे गाणे थांबले होते. कोणास दुखापत झाली नाही, ही केवळ ईश्वराची कृपा. आमचे कौशल्य त्यात रतिभरही नव्हते.

मागाहून आलेल्या एका मालट्रकच्या चालकाने आपली गाडी थांबविली, चाकाला दगड लावला, आमच्या गाडीच्या चाकाजवळ हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. तो म्हणाला, “साहेब, गिअर काढून घाट उतरलात ना? ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक हा थांबण्यासाठी असतो, उतरण्यासाठी नव्हे.” एवढे बोलून, आमच्या मुलांना पाणी देऊन तो गेला. तास-दीड तास थांबून ब्रेक निवल्यावर आणि पायाखाली पुन्हा जोर लागतो याची खात्री केल्यावर आम्ही खालच्या गिअरात, पायी चालणाऱ्याच्या गतीने दाणोलीपर्यंत उतरलो.

आता या प्रसंगातील खरी लाजिरवाणी गोष्ट सांगतो. आम्ही व्यवसायाने विज्ञानाचे शिक्षक आहोत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्ही त्या वेळेपर्यंत वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. ऊर्जा निर्माण होत नाही, नाश पावत नाही, केवळ रूप बदलते, हे वाक्य आम्ही किती मुलांकडून घोकून घेतले असेल त्याची गणती नाही. तरीही घाटमाथ्यावरील एक हजार किलो वजनाच्या गाडीची स्थितिज ऊर्जा पायथ्याशी पोहोचेपर्यंत कोठे जाणार, हा प्रश्न आमच्या मनास शिवला नव्हता.

बेळगावास परत आल्यावर गाडी उद्यमबागेच्या रस्त्यावरील एका लहानशा गॅरेजात नेली. तेथील मेस्त्री पाहतो तो आमचाच एक जुना विद्यार्थी! शाळेत तो मागच्या बाकावर बसे. गणितात आणि विज्ञानात त्यास जेमतेम गुण मिळत, आणि दहावीनंतर त्याने शाळेचे तोंड पाहिले नाही. ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असा शेरा आम्हीच एकदा त्याच्या वडिलांपाशी मारला होता. त्याने आम्हांस बसावयास स्टूल दिले, जॅक लावून चाक उतरविले आणि ब्रेकचा ड्रम काढून आमच्यापुढे धरला. आतील अस्तर करपून काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

“सर,” तो म्हणाला, “तुम्ही वर्गात सांगत होता बघा, शक्ती नाहीशी होत नाही म्हणून. घाटातली सगळी शक्ती इथं येऊन बसली की! गिअरात उतरला असता तर निम्मी इंजिनानं खाल्ली असती.”

आम्ही काहीच बोलू शकलो नाही. ज्यास आम्ही मठ्ठ ठरविले होते त्यास नियम कळला होता, आणि ज्याने तो नियम शिकविला त्यास तो केवळ पाठ होता.

त्या रात्री घरी येऊन आम्ही कागदावर हिशेब मांडला. एक हजार किलो वजनाची गाडी पाचशे मीटर उंचीवरून खाली उतरली आणि तिचा सर्व भार ब्रेकवरच टाकला, तर सुमारे एकोणपन्नास लक्ष ज्यूल इतकी उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेत सुमारे सोळा लिटर साधे पाणी उकळीस येईल. म्हणजे भला मोठा हंडाभर पाणी उकळविण्याचे काम आम्ही चार चाकांतील हाताएवढ्या अस्तरांवर सोपविले होते! अस्तरे तापली की त्यांचे घर्षण घटते. ब्रेकच्या नळ्यांतील तेल जुने असेल, तर त्याने हवेतील ओल शोषलेली असते. ते लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या गाडीतील ते तेल आम्ही विकत घेतल्यापासून एकदाही बदललेले नव्हते. दोष गाडीचा नव्हता, घाटाचा नव्हता, आमचा होता.

तेव्हापासून पुढची दोन वर्षे बहुतेक रविवारी सकाळी आम्ही त्या गॅरेजात जाऊन बसलो. प्रथम नुसते पाहत होतो, नंतर हातात पाना घेतला. नट किती आवळावा आणि कोठे थांबावे, आटे कसे मोडतात, प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती कशी ओळखावी, तापलेल्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये, जॅकवर उचललेल्या गाडीखाली पक्का आधार दिल्यावाचून का शिरू नये, हे आम्ही आमच्याच विद्यार्थ्याकडून शिकलो. बोटांच्या नखांत ग्रीस शिरले, सदऱ्यांवर तेलाचे डाग पडले. आणि या दोन वर्षांत एक नवल घडले. आमचा गाडी चालविण्याचा वेग आपोआप उतरला. आम्ही काही व्रत घेतले नव्हते. पण ब्रेक दाबताना आता डोळ्यांपुढे ते अस्तर येई. क्लच अर्धवट दाबून ठेवण्याची आमची सवय सुटली, कारण तेथे आत काय घासले जाते ते आम्ही पाहिले होते. खड्ड्यातून गाडी आदळली की आमच्या अंगात कळ येऊ लागली. ज्याने यंत्राचे अंतरंग पाहिले आहे त्यास त्या यंत्राशी मुजोरी करणे जमत नाही. आमचे सारे प्रतिपादन एवढेच आहे.

मोटारीच्या इतिहासातही याला आधार आहे. कार्ल बेंझ या जर्मन तंत्रज्ञाने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट जानेवारी १८८६ मध्ये मागितले. परंतु त्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था हिने पतीस न सांगता आपल्या दोन शाळकरी मुलांस बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्झाइम येथे आपल्या माहेरी मोटार नेली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. मोटारीने केलेला जगातील हा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास होय. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावावयाच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेवरील आवरण झिजले, तेथे पायमोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपत आले, ते वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर इंजिन कमी पडू लागले, तेव्हा मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे तिच्याच अनुभवावरून ठरले.

विद्यार्थिमित्रांनो, या कथेत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जगातील या पहिल्या दूरच्या प्रवासात चालक आणि दुरुस्ती करणारा अशा दोन व्यक्ती नव्हत्या. जो चालवील त्याने निगा राखावी, हा मोटारीच्या जन्माबरोबरचाच नियम आहे. दोघांची फारकत मागाहून झाली. एकाने आसनावर बसून ऐट करावी आणि दुसऱ्याने गाडीखाली पाठ टेकून घाम गाळावा, अशी जातिव्यवस्था आपण यंत्रांच्या जगातही निर्माण केली.

आपल्या परंपरेस तर ही फारकत मुळीच मान्य नाही. महाभारतातील द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवसाची कथा आहे. भर युद्धात अर्जुनाच्या रथाचे घोडे थकले, बाणांनी विद्ध झाले. तेव्हा अर्जुन पायउतार होऊन शत्रूस थोपवून धरतो आणि श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातील बाण काढतो, स्वतःच्या हातांनी त्यांस चोळतो, पाणी पाजतो आणि मगच पुन्हा रथास जुंपतो. सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पुरी व्हावयाची होती, एकेक पळ मोलाचे होते. तरीही घोड्यांची शुश्रूषा चुकली नाही. आपण घरोघरी गीतोपदेश करणाऱ्या श्रीकृष्णाचे चित्र लावतो, ते योग्यच आहे. पण घोड्यांस खरारा करणाऱ्या श्रीकृष्णाचेही एक चित्र आमच्या शाळेत असावे, असे आम्हांस फार वाटते. सारथ्य म्हणजे केवळ लगाम हाती धरणे नव्हे. लगामाच्या दुसऱ्या टोकास जे आहे त्याची काळजी वाहणे, हा सारथ्याचा धर्म होय.

आपल्या देशात मोटारी तयार व्हाव्यात अशी आकांक्षा धरणाऱ्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद (१८८२ ते १९५३) अग्रेसर होते. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या नमुन्यावरील मोटारी बाहेर पडल्या आणि त्याच वंशातील ‘पद्मिनी’ मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने वयोमर्यादेमुळे रस्त्याचा निरोप घेतला, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले. ती काही वेगवान गाडी नव्हती, की ऐटबाजही नव्हती. मग ती कशाने लोकांच्या मनात राहिली? आम्हांस वाटते, ती कोणत्याही गल्लीतील मेस्त्रीला समजणारी गाडी होती. तिचे बॉनेट उघडले की आतील प्रत्येक भाग डोळ्यांस दिसे आणि हातास लागे. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. अशा मेळाव्यांत लोक चकाकणाऱ्या पत्र्याची छायाचित्रे घेतात. पण ती मोटार इतकी वर्षे चालती राहिली, ती कोणा तरी अज्ञात मेस्त्रीच्या हातांमुळे, हे ध्यानात घेणारे विरळा.

आपल्या बेळगावास तर हे हात परके नाहीत. उद्यमबागेतील ओतशाळांत लोखंडाचा रस साच्यांत ओतला जातो, यंत्रांचे सुटे भाग कातले जातात, आणि ते दूरदूरच्या गाड्यांत जाऊन बसतात. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील, काका, मामा तेथे राबतात. असे असूनही अभ्यासात मागे पडलेल्या मुलास ‘आता तुला गॅरेजात पाने पुसावयास पाठवितो’ अशी धमकी आपण देतो! जणू गॅरेज म्हणजे तुरुंग! ज्या हातांवर आपला आणि आपल्या मुलाबाळांचा जीव विसंबून असतो, त्या हातांच्या व्यवसायाचा उपयोग आपण शिक्षेच्या भीतीसाठी करावा, ही कृतघ्नता आहे. ही धमकी आम्हीही दिलेली आहे. म्हणूनच हे इतक्या कळकळीने लिहितो.

यावर कोणी म्हणेल, “आपण जुन्या काळात वावरता. आजच्या मोटारीत कार्ब्युरेटर नाही, सर्व कारभार संगणकाच्या हाती आहे. बॉनेट उघडले तरी वर झाकण आणि आत झाकण. शिवाय आता विजेवरील गाड्या आल्या. मुलांनी पाना घेऊन करावे काय?” या आक्षेपात तथ्य आहे. आजची गाडी घरी उघडून जोडता येणार नाही, आणि विजेच्या गाडीतील नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारांना तर शिक्षण घेतल्यावाचून हातही लावू नये. परंतु टायरमधील हवा पाहण्यास संगणक लागत नाही. टायरवरील नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली झिजली की तो टायर बाद, हे ओळखण्यास केवळ डोळे लागतात. इंजिनाचे तेल, ब्रेकचे तेल, थंडाव्याचे पाणी, काच पुसणारे रबर, दिवे, हे सर्व आजच्या गाडीतही आहे. स्टेपनी बदलावी लागतेच. आणि विजेच्या गाडीने तर आमच्या मेस्त्रीचा सिद्धांत पुढे नेला आहे. ती उतारावर आपली मोटर उलटी राबवून घाटातील ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठविते. जी ऊर्जा आम्ही अस्तरे करपविण्यात दवडली, ती तेथे पुढच्या प्रवासाची शिदोरी होते. जो ब्रेकचे मर्म जाणतो त्यास हे कौतुक कळेल. न जाणणाऱ्यास ती नुसती एक नवी कळ वाटेल.

दुसरे असे की, आपण विकत घेतलेल्या वस्तूचे अंतरंग जाणण्याचा आणि ती दुरुस्त करवून घेण्याचा आपला हक्क आहे की नाही, हा आज साऱ्या जगापुढील प्रश्न आहे. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही अंतर्भाव आहे. पण कुतूहलच मेले तर हक्क घेऊन करावयाचे काय? झाकण न उघडण्याची सवय जडलेल्या पिढीस झाकणाला कुलूप लागलेले कळणारही नाही.

आता एक कटू सत्य. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतील बहुसंख्य मृत्यूंस अतिवेग कारण झाला, असेही त्यात नमूद आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याचा अर्थ असा की ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकना चौपट काम करावे लागते, आणि काम पुरे पडले नाही तर ती उरलेली ऊर्जा कोणाच्या तरी हाडांवर जाऊन आदळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. मोबाइलवर नजर टाकण्यास दोन सेकंद पुरतात. नियम परीक्षेपुरता पाठ केला तर तो गुण देतो. आचरणात आणला तर प्राण वाचवितो.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी आमचे मागणे स्पष्ट आहे. मोटारीचा शौक जरूर करा. गाड्यांची नावे, इंजिनांचे आकार, शर्यतींचे इतिहास यांत अवश्य रमा. पण सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडणे म्हणजे शौक नव्हे. तो रुग्णांचा, म्हाताऱ्यांचा आणि अभ्यासास बसलेल्या तुमच्याच सोबत्यांचा छळ आहे. अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी मोटारीच्या चक्रास हात लावू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास त्याच्या पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण केवळ कायद्याच्या धाकाने थांबू नका. रस्त्यावर चालणारी प्रत्येक व्यक्ती कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा आहे, या जाणिवेने थांबा.

आणि पालकहो, आपल्यापाशीही एक विनंती. मुलगा नववीत गेला, उंच झाला, म्हणून कौतुकाने त्याच्या हाती किल्ली देऊ नका. त्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी त्यास आणि त्याच्या बहिणीसही गाडीपाशी बोलवा. हवा कशी पाहावी, तेलाची पट्टी कशी पुसून पुन्हा बुडवावी, स्टेपनी कशी बदलावी, हे त्यांच्या हातून करवून घ्या. आपणांस येत नसेल तर तिघे मिळून मेस्त्रीकडून शिका. त्यात कमीपणा नाही. आम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकलो. शाळेच्या चालकांसही आमची सूचना आहे की महिन्यातून एक तास तरी कार्यशाळेचा असावा आणि त्या तासास एखाद्या मेस्त्रीस सन्मानाने पाचारण करावे. ऊर्जेचा नियम त्या दिवशी फळ्यावरून उतरून मुलांच्या तळहातावर येईल.

येत्या खंडेनवमीस आम्ही नेहमीप्रमाणे गाडीची पूजा करणार आहोत. फरक एवढाच की आदल्या दिवशी चारही चाके उतरवून ब्रेक तपासले जातील, टायर पाहिले जातील, आणि मगच माळ घातली जाईल. पहिला पेढा गाडीपुढे ठेवू आणि दुसरा घेऊन उद्यमबागेच्या रस्त्यावरील त्या गॅरेजात जाऊ. शाळेत असताना ज्यास आम्ही कधी शाबासकी दिली नाही, त्या विद्यार्थ्यास ती देण्यास आम्हांस बराच उशीर झाला आहे.